ई-मेलची पेटी आणि तिच्यातील कप्पे

बँकेच्या शाखांतून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. ग्राहकाचे म्हणणे असते की खातेउतारा ई-मेलने आलाच नाही. बँकेची नोंद सांगते की तो अमुक तारखेला पोहोचला. बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे खरे असते. पत्र ग्राहकाच्या मेलबॉक्समध्ये पोहोचलेले असते, परंतु ज्या फोल्डरकडे त्याचे कधी लक्ष जात नाही अशा एखाद्या फोल्डरमध्ये ते पडून असते.

व्यवहारात ‘मेलबॉक्स’ आणि ‘फोल्डर’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. ई-मेलची ने-आण करणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकांनी परस्परांशी कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत बोलावे याच्या ठरलेल्या नियमांना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. ई-मेलसाठी असा एकच प्रोटोकॉल नाही. पत्र पोहोचविण्याचा निराळा, ते उचलून आणण्याचा निराळा आणि जागच्या जागी वाचण्याचा निराळा. मेलबॉक्स कशाला म्हणावे याविषयी या तिघांच्या कल्पनाही निरनिराळ्या आहेत. हा भेद ध्यानात आला, तर पत्र कुठे गेले, ते कोणाच्या संगणकावर आहे आणि ते किती सुरक्षित आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडू लागतात.

पेटी म्हणजे पत्ता

१९७१ मध्ये अमेरिकेतील रे टॉमलिन्सन या अभियंत्याने अर्पानेट या जाळ्यावरील एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीस पत्र पाठविण्याची सोय केली. व्यक्तीचे नाव आणि तिच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह घालण्याची योजना त्याचीच. त्या वेळी मेलबॉक्सची कल्पना अगदी साधी होती. प्रत्येकाच्या नावे संगणकावर एक फाइल असे. इतरांना तिच्या शेवटी मजकूर जोडता येई. आधीचा मजकूर मात्र वाचता येत नसे आणि पुसताही येत नसे. शाखेत धनादेश टाकण्यासाठी ठेवलेल्या पेटीसारखीच ही रचना होती. फटीतून आत टाकण्याची मुभा सर्वांना, किल्ली मात्र एकाच्याच हाती.

ऑगस्ट १९८२ मध्ये जोनाथन पोस्टेल यांनी पत्रे पोहोचविण्याचे नियम ‘एसएमटीपी’ या नावाने लिहून काढले. २००१ आणि २००८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. पायाभूत रचना मात्र तीच राहिली. या प्रोटोकॉलमध्ये मेलबॉक्स म्हणजे ‘ॲट’च्या चिन्हाने जोडलेला संपूर्ण पत्ता. चिन्हाच्या उजवीकडील भाग पत्र कोणत्या संस्थेच्या संगणकाकडे न्यावयाचे ते सांगतो. डावीकडील भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त त्या संगणकाचा असतो.

पाठविणारा संगणक आधी स्वतःची ओळख देतो, मग पत्र कोणाकडून आहे ते सांगतो, नंतर कोणासाठी आहे ते सांगतो आणि शेवटी मजकूर हवाली करतो. समोरच्या संगणकाने ‘२५०’ हा अंक उच्चारला की पत्र स्वीकारले गेले असे ठरते. त्या क्षणी जबाबदारी हस्तांतरित होते. येथून पुढे पत्र जागेवर ठेवणे, किंवा ते शक्य नसल्यास पाठविणाऱ्यास तसे कळविणे, हे स्वीकारणाऱ्याचे काम असते.

या साऱ्या संभाषणात फोल्डर हा शब्द एकदाही येत नाही. ‘हे पत्र अमक्या फोल्डरमध्ये ठेवा’ अशी आज्ञा एसएमटीपीमध्ये नाहीच. स्वीकारलेले पत्र समोर ठेवावे की ‘स्पॅम’ अथवा ‘जंक’ नावाच्या कप्प्यात लोटावे, हे स्वीकारणारी यंत्रणा आपल्या चाळणीनुसार ठरविते आणि त्याची वार्ता पाठविणाऱ्याला सहसा देत नाही. म्हणूनच बँकेच्या नोंदीत ‘पोहोचले’ असा शेरा असतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘पत्र पेटीत पडले’ एवढाच असतो. ते ग्राहकाच्या दृष्टीस पडले असा अर्थ त्यातून निघत नाही.

एकच ढीग

पेटीत पडलेले पत्र बाहेर काढण्यासाठी दुसरा प्रोटोकॉल लागतो. त्यांपैकी जुना म्हणजे ‘पॉप’. त्याचे पहिले रूप १९८४ मध्ये आले, तिसरे रूप ‘पॉप-३’ १९८८ मध्ये आले आणि त्याची आजही आधारभूत मानली जाणारी आवृत्ती मे १९९६ मधील आहे. या प्रोटोकॉलला प्रत्येक खात्यात पत्रांचा एकच ढीग दिसतो. ढिगात किती पत्रे आहेत, त्यांचा आकार किती, अमक्या क्रमांकाचे पत्र द्या, अमक्या क्रमांकाचे पुसा, असे मोजकेच प्रश्न आणि आज्ञा त्यात आहेत. फोल्डर तयार करण्याची आज्ञा नाही आणि असलेले फोल्डर दाखविण्याचीही नाही.

ही उणीव निष्काळजीपणाची नव्हे. दूरध्वनीवरून जोडणी करावयाची, पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घ्यावयाची आणि जोडणी तोडावयाची, अशा काळासाठी तो बेतलेला होता. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हाही घरगुती जोडणी दूरध्वनीवरूनच होत असे आणि वेळेचा हिशेब ठेवावा लागे. पत्रे घरी आणून मग सावकाश वाचणे हेच शहाणपणाचे होते.

मग पॉप वापरणाऱ्याच्या पडद्यावर ‘विमा’, ‘आयकर’, ‘बँक’ असे फोल्डर दिसतात ते कुठले? ते त्याच्याच संगणकावरील ई-मेल वाचण्याच्या प्रोग्रॅमने तयार केलेले असतात. सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, त्यांचा पत्ताही नसतो. टपाल कार्यालयातून पत्रे आणून घरातील कपाटात लावून ठेवावी, तसा हा मामला आहे. कपाटाला वाळवी लागली तर टपाल कार्यालय काय करणार? संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली की असे फोल्डर पत्रांसह नाहीसे होतात. पत्र उतरविल्यावर त्याची प्रत सर्व्हरवर ठेवण्याची सोय या प्रोग्रॅममध्ये असते. ती चालू असेल तर मूळ पत्रे वाचतात. पण वर्षानुवर्षे लावलेली वर्गवारी परत मिळत नाही.

दुसरीकडे, सर्व्हरवर केलेले फोल्डर पॉपला साधारणतः दिसत नाहीत. एखाद्याने संकेतस्थळावर जाऊन ‘बँकेची पत्रे वेगळ्या फोल्डरमध्ये टाका’ असा नियम लावला आणि घरच्या संगणकावर पॉप ठेवले, तर बँकेची पत्रे घरी येणे थांबते. नियम चोख काम करीत असतो. फक्त पॉपची नजर त्या कप्प्यापर्यंत पोहोचत नाही.

जिथे फोल्डरच मेलबॉक्स होतो

पत्रे सर्व्हरवरच ठेवून तेथेच वाचावी, लावावी आणि शोधावी, या विचारातून ‘आयमॅप’ जन्मास आला. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याची मांडणी केली. डिसेंबर १९९४ मध्ये त्याची चौथी पिढी आली, मार्च २००३ मधील आवृत्ती दीर्घकाळ प्रमाण राहिली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

शब्दांचा खरा गोंधळ येथे सुरू होतो. सामान्य माणूस ज्याला फोल्डर म्हणतो, त्यालाच आयमॅप ‘मेलबॉक्स’ म्हणतो. त्याच्या भाषेत ‘विमा’ हा एक मेलबॉक्स, ‘आयकर’ हा दुसरा आणि ‘इनबॉक्स’ हा तिसरा. एका पत्त्यामागे एक पेटी नसून पेट्यांची रांगच असते. यात इनबॉक्सला विशेष मान आहे. त्याचे नाव राखीव आहे. ते मोठ्या लिपीत लिहिले काय किंवा लहान लिपीत लिहिले काय, अर्थ एकच. तो पुसून टाकता येत नाही. त्याचे नाव बदलण्याची आज्ञा दिली, तर त्यातील पत्रे नव्या नावाच्या मेलबॉक्समध्ये जातात आणि इनबॉक्स रिकामा होऊन जागच्या जागी राहतो. बाहेरून येणाऱ्या पत्रासाठी एक दार कायम उघडे असले पाहिजे, हा त्यामागील विचार.

हे शब्द असे का ठरले, याचे उत्तर पत्रे साठविण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. युनिक्स संगणकांवर मेलबॉक्स म्हणजे एक लांबलचक फाइल असे आणि तीत पत्रे एकाखाली एक जोडलेली असत. अशा अनेक फाइली ठेवण्यासाठी डिरेक्टरी असे. बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर मेलबॉक्स ही खातेवही आणि डिरेक्टरी हे वह्यांचे कपाट. वहीत नोंदी असतात. वहीच्या आत दुसरी वही ठेवता येत नाही. कपाटात वह्या राहतात. पण कपाटाच्या फळीवर कोणी नोंद लिहीत नाही.

आयमॅपने हा भेद उघडपणे मान्य केला. प्रोग्रॅमने यादी मागितली की सर्व्हर प्रत्येक नावाबरोबर त्याची खूणही कळवितो. ‘हे नाव उघडता येणार नाही’ अशी खूण असली की ते नुसते कपाट समजावे. ‘याच्या पोटात दुसरे नाव घालता येणार नाही’ अशी खूण असली की ती नुसती वही समजावी. कोणतीच अडकाठी नसली तर ते नाव दोन्ही कामे करते. काही फोल्डरमध्ये पत्र टाकता येत नाही, तर काहींत उपफोल्डर करता येत नाही, ही पुष्कळांची जुनी तक्रार. ती बिघाडाची खूण नसून सर्व्हरवरील साठवणुकीच्या पद्धतीचा परिणाम असतो. वरचे आणि खालचे नाव यांच्यामध्ये कोणते चिन्ह घालावे, तिरकी रेघ की टिंब, हेही प्रत्येक सर्व्हर स्वतः ठरवितो आणि प्रोग्रॅमला कळवितो.

आयमॅपमध्ये पत्राचा क्रमांकही मेलबॉक्सशी बांधलेला असतो. एका वहीतील नोंद दुसऱ्या वहीत नेली की तिला त्या वहीचा नवा अनुक्रमांक मिळतो, तसेच येथे होते. पत्र हलविण्याची स्वतंत्र आज्ञा तर मुळात नव्हतीच. आधी नव्या जागी प्रत करावयाची, मग जुन्या प्रतीवर ‘पुसावयाचे’ अशी खूण करावयाची आणि शेवटी खूण केलेली पत्रे काढून टाकावयाची, अशा तीन पायऱ्या होत्या. मध्येच जोडणी तुटली तर पत्र दोन ठिकाणी दिसे. हे काम एकाच दमात करणारी आज्ञा जानेवारी २०१३ मध्ये प्रमाण ठरली.

‘पाठविलेली पत्रे’ ठेवण्याचे दोन-दोन फोल्डर कित्येकांच्या खात्यात दिसतात, त्याचेही कारण असेच आहे. अशा फोल्डरचे नाव काय असावे हे आयमॅपने ठरविले नव्हते. संगणकावरील प्रोग्रॅमने एक नाव ठेवले, मोबाइलवरील प्रोग्रॅमने दुसरे. मार्च २०११ मध्ये यावर तोड निघाली. नाव काहीही असो, हा कप्पा पाठविलेल्या पत्रांचा, हा मसुद्यांचा, हा कचऱ्याचा, अशा खुणा सर्व्हरने द्याव्यात असे ठरले.

चिठ्ठी चिकटविण्याची पद्धत

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल ही सेवा सुरू केली आणि फोल्डरऐवजी ‘लेबल’ आणले. पत्र एकाच जागी राहते आणि त्यावर हव्या तितक्या चिठ्ठ्या चिकटविता येतात. गृहकर्जावरील व्याजाच्या प्रमाणपत्राला ‘बँक’ आणि ‘आयकर’ या दोन्ही चिठ्ठ्या लावता येतात. प्रत दोनदा करावी लागत नाही. २००७ मध्ये जीमेलने आयमॅपची सोय दिली, तेव्हा मात्र चिठ्ठ्यांचे भाषांतर मेलबॉक्समध्ये करावे लागले. प्रत्येक लेबल स्वतंत्र मेलबॉक्स म्हणून दिसू लागले आणि तेच पत्र अनेक ठिकाणी आढळू लागले. एका फोल्डरमधून पत्र काढले तरी ते ‘सर्व पत्रे’ या ठिकाणी शिल्लक कसे, असा प्रश्न त्यातूनच पडतो. कारण तेथे पत्र पुसले गेलेले नसते. त्यावरची एक चिठ्ठी निघालेली असते.

२०१९ मध्ये ‘जेमॅप’ नावाच्या नव्या प्रोटोकॉलने या दोन पद्धती जुळवून घेतल्या. तेथेही फोल्डरला मेलबॉक्सच म्हणतात, परंतु एक पत्र एकाच वेळी अनेक मेलबॉक्समध्ये असू शकते. याउलट कार्यालयांतून वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या यंत्रणेत मेलबॉक्स म्हणजे एका कर्मचाऱ्याचे सारे दप्तर. फोल्डर त्याच्या पोटात येतात. म्हणून संगणक विभागाने ‘मेलबॉक्स भरला’ असे कळविले, तर ते इनबॉक्सपुरते नसून संपूर्ण खात्याविषयी असते, हे कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मराठी नावांचा प्रश्न

पेटी आणि कप्पा यांतील फरक देवनागरीच्या बाबतीत स्पष्टपणे दिसतो. फोल्डरला ‘घरखर्च’ असे नाव पुष्कळ वर्षांपासून देता येते. जुन्या आयमॅपमध्ये ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात पाठविले जाई आणि पडद्यावर पुन्हा देवनागरीत उलगडले जाई. २०२१ च्या आवृत्तीने थेट युनिकोडमधील नावे स्वीकारली. हा प्रश्न ग्राहकाचा सर्व्हर आणि ग्राहकाचा प्रोग्रॅम या दोघांतच मिटतो.

पत्त्याचे तसे नाही. संपूर्ण पत्ता देवनागरीत लिहिता यावा यासाठीचे एसएमटीपीचे नियम २०१२ मध्ये प्रमाण ठरले आणि ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम २०१४ मध्ये सुरू झाले. मराठीही त्यात आहे. तरीही देवनागरी पत्त्यावर पत्र पोहोचण्यासाठी वाटेतील प्रत्येक सर्व्हरने तो पत्ता मान्य करावा लागतो. कपाटातील फाइलीवर कोणत्या लिपीत लिहावे हा घरचा प्रश्न असतो. पाकिटावरील पत्ता मात्र वाटेतल्या प्रत्येक टपाल कार्यालयाला वाचता यावा लागतो.

ग्राहकाच्या दृष्टीने

पेटी आणि कप्पा यांतील हा भेद काही वेळा पैशांशी येऊन भिडतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रसंगी, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर भार पडू नये, असे त्यात म्हटले होते. दिवसांची गणना सूचना मिळाल्यापासून होते म्हटल्यावर, ती सूचना इनबॉक्समध्ये आली की जंकमध्ये गेली, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

भामट्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. एखाद्याच्या ई-मेल खात्यात शिरकाव मिळाला की पुष्कळदा ते पत्रे पुसत नाहीत. सर्व्हरवर एक नियम लावून ठेवतात, की बँकेकडून येणारे प्रत्येक पत्र वाचलेले म्हणून नोंदवावे आणि कोणी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये टाकावे. पत्र पोहोचते, बँकेची नोंद बिनचूक असते आणि मालकाला मात्र काहीच कळत नाही. अशा खात्याचा पासवर्ड बदलला तरी आधी लावलेला नियम तसाच राहू शकतो. म्हणून संशय आल्यास पासवर्डबरोबर सेटिंगमधील नियमांची, तसेच पत्रे अन्य पत्त्यावर पुढे पाठविण्याच्या सोयीचीही तपासणी करावी.

याखेरीज काही साध्या सवयी उपयोगी ठरतात. जंक आणि स्पॅम या कप्प्यांवरून आठवड्यातून एकदा नजर फिरवावी. जीमेलमध्ये स्पॅम आणि कचरा यांतील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात. मात्र अशा कप्प्यात बँकेच्या नावाने आलेले प्रत्येक पत्र बँकेचेच असेल असे गृहीत धरू नये आणि त्यातील दुव्यावर टिचकी मारू नये. बँकेचे संकेतस्थळ स्वतः उघडून किंवा शाखेत विचारून खात्री करावी. नवा संगणक घेण्यापूर्वी आपले फोल्डर सर्व्हरवर आहेत की जुन्या संगणकावर, हे पाहावे. त्याची एक सोपी परीक्षा आहे. दुसऱ्या संगणकावरून संकेतस्थळावर खाते उघडावे; तेथे फोल्डर दिसले तर ते सर्व्हरवर आहेत, न दिसल्यास जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांची प्रत करून घ्यावी. जागा भरल्याची सूचना आल्यास पत्रे एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवून उपयोग होत नाही, कारण जागेची मर्यादा सहसा संपूर्ण खात्याची असते. आयकर, विमा आणि कर्ज यांची कागदपत्रे तर ई-मेलच्या बाहेरही जतन करावी.

शाखेतील कर्मचाऱ्यांनीही ‘आमच्याकडे पोहोचल्याची नोंद आहे’ एवढ्यावर बोलणे संपवू नये. पत्र कोणत्या प्रेषकाच्या पत्त्यावरून आणि कोणत्या तारखेस गेले ते ग्राहकाला सांगावे, इनबॉक्सखेरीज अन्य कप्प्यांत शोधण्यास सुचवावे आणि नोंदविलेला पत्ता अजून वापरात आहे की नाही हे विचारून घ्यावे. पेटीपर्यंत पत्र पोहोचविणे हे प्रोटोकॉलचे काम आहे; पेटीतून ते ग्राहकाच्या नजरेपर्यंत नेण्याचे काम कोणताही प्रोटोकॉल करीत नाही. तेवढे माणसांनाच करावे लागते.